लोणारची प्रदक्षिणा : काय पाहाल, कसे चालाल

'लोणार पाहिले का?' असे होस्टेलच्या कोणत्याही मजल्यावर विचारा, निम्मे हात वर येतील. पण हे पाहणे म्हणजे नेमके काय असते? गाडी काठावर लावायची, कठड्यापाशी ग्रुप फोटो काढायचा, 'केवढा मोठा खड्डा आहे राव!' म्हणायचे आणि चहा पिऊन शेगाव नाहीतर सिंदखेडराजाच्या रस्त्याला लागायचे. पंधरा-वीस मिनिटांत लोणार संपले!

देवळात गेलो तर आपण दारातून नमस्कार करून परत फिरत नाही. प्रदक्षिणा घालतो, तेव्हा मागच्या भिंतीवरचे कोरीवकाम दिसते. लोणारचेही तसेच आहे. एका जागी उभे राहिलात तर फक्त खड्डा दिसेल. कडेने पूर्ण फेरी मारलीत तर तो खड्डा कसा झाला, त्यातले पाणी खारे का, आणि आज ते सरोवर अडचणीत का आले आहे, हे सगळे क्रमाने कळत जाते. फेरी सोपी आहे. ट्रेकिंगचा अनुभव लागत नाही, दोर-बीर काही लागत नाही. अर्धा दिवस आणि बरे बूट असले की झाले.

आधी थोडा हिशेब

आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा आकडे आधी. विवराचा वरचा व्यास सुमारे १.८३ किलोमीटर आहे. त्याला पायने गुणा, परीघ येतो पावणेसहा किलोमीटर. खरी पायवाट कंपासने काढलेली नसते. ती झाडाला, घळीला, शेताला वळसा घालते. म्हणून वरची फेरी सात-आठ किलोमीटरची धरून चला. थांबत, पाहत गेलात तरी तीन तासांत आरामात होते, आणि ही वाट बरीचशी सपाट आहे.

खालच्या सरोवराचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर, म्हणजे काठाकाठाने साधारण पावणेचार किलोमीटर. ही फेरी कमी अंतराची, पण त्यासाठी आधी खाली उतरावे लागते. कडेपासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर आहे. एक मजला तीन मीटरचा धरला तर ४५ मजले झाले. चारमजली होस्टेल एकावर एक रचत गेलो तर अकरा लागतील!

उतार किती? दोन व्यासांतला फरक ६३० मीटर, त्याचे निम्मे ३१५. म्हणजे ३१५ मीटर आडवे जाताना १३७ मीटर खाली, सरासरी कोन सुमारे साडेतेवीस अंश. सिव्हिलच्या मुलांना आठवत असेल, डोंगराळ भागातल्या रस्त्याला साधारण २० मीटरला १ मीटर चढ धरतात. इथे तो जवळपास सव्वादोनला एक आहे. उतरताना मजा येते, चढताना फेस येतो. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी वरची फेरी करावी. पायांत दम उरला तर मग खाली उतरावे.

वरून चालताना : खडक काय सांगतो

सुरुवात धारेपासून करा. लोणार गाव विवराच्या ईशान्येला आहे आणि त्याच बाजूला गोमुखातून बारमाही पाणी पडते, त्या ठिकाणाला 'धार' म्हणतात. तिथून सरोवर उजव्या हाताला ठेवून निघालात की रीतसर प्रदक्षिणा होते. सकाळी लवकर निघण्याचा आणखी एक फायदा म्हणजे पूर्वेचे ऊन समोरच्या पश्चिम भिंतीवर पडते आणि तिच्यातले खडकांचे थर स्पष्ट दिसतात.

हे थर नीट पाहा. आपला सगळा मुलूख काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीच्या भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. त्याला दख्खनचा पठारी बेसॉल्ट किंवा डेक्कन ट्रॅप म्हणतात. अजिंठ्याच्या डोंगरात हे थर पायऱ्यांसारखे आडवे दिसतात. जवळजवळ सगळीकडे ते आडवेच असतात.

लोणारच्या कडेला मात्र ते आडवे नाहीत. बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, सरोवराकडून शेताकडे. काही ठिकाणी तर अगदी वरचा थर उलटा पडला आहे, चादरीचे टोक दुमडावे तसा. एवढा जाड खडक बाहेरच्या बाजूला कोणी वळवला? जमीन नुसती खचली असती तर थर आतल्या बाजूला झुकले असते. म्हणजे आत काहीतरी फुटले आणि त्याने सगळीकडे सारखाच बाहेर रेटा दिला.

आता नजर सरोवरावरून काढून बाहेरच्या बाजूला वळवा. फोटो काढणारे इकडे कधीच पाहत नाहीत. कड आजूबाजूच्या शिवारापेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे आणि तिथून जमीन हळूहळू उतरत जाते. हा उतार म्हणजे विवरातून उडालेला मालमसाला. फुटलेले दगड आणि चुरा कडेपासून एक किलोमीटरहून जास्त अंतरापर्यंत पसरला. आज त्यावर शेती आहे. ज्या बांधावर बसून तुम्ही डबा उघडाल, तो बांधही कदाचित त्या दिवशी आकाशात उडालेल्या दगडांचाच असेल.

ज्वालामुखी की उल्का?

लोणारची वैज्ञानिक नोंद १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने केली असे मानतात. आपल्या लोकांना ही जागा त्याआधी शेकडो वर्षे माहीत होतीच. लवणासुर आणि त्याला मारणारा दैत्यसूदन विष्णू ही कथा गावातल्या दैत्यसूदन मंदिराशी जोडलेली आहे. अकबराच्या काळातल्या 'ऐन-इ-अकबरी'तही या जागेचा उल्लेख आहे, आणि तोही साबण-काच बनवायच्या क्षारांसह.

पुढे दीडशे वर्षे वाद चालला. आजूबाजूला सगळा लाव्हाच, तेव्हा हे ज्वालामुखीचेच तोंड असणार, असे बहुतेकांना वाटे. अमेरिकेतल्या अॅरिझोनातही असेच एक गोल विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर, म्हणजे आपल्यापेक्षा लहान. गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकाने १८९६ मध्येच या दोघांतल्या साम्याकडे लक्ष वेधले होते.

निकाल लागला तो खडकाच्या आतल्या पुराव्याने. सरोवराच्या तळात बोअर घेतले, तेव्हा सुमारे १०० मीटर गाळ लागला आणि त्याखाली फुटून पुन्हा घट्ट झालेला बेसॉल्ट. त्या बेसॉल्टमधल्या फेल्डस्पारच्या स्फटिकांनी बाहेरचा आकार तसाच ठेवला होता, पण आतून त्यांची काच झाली होती! या काचेला मॅस्केलिनाईट म्हणतात. ती वितळून होत नाही, प्रचंड दाबाच्या धक्क्याने होते. हा दाब काही लाख वातावरणदाबांइतका लागतो. तेवढा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. १९७३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि लोणार हे उल्काघाताने झालेले विवर ठरले. १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

बेसॉल्टमध्ये झालेले आणि इतके शाबूत राहिलेले विवर जगात दुसरे सापडणे कठीण. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे बेसॉल्टचीच मैदाने. म्हणून चंद्र-मंगळावरची विवरे समजून घ्यायला शास्त्रज्ञ आपल्या जिल्ह्यात येतात. आणि आपण? आपण चहा पिऊन परत!

एक शंका हमखास निघते. उल्का तिरपी आली असेल तर खड्डा गोल कसा? सेकंड इयरचे फिजिक्स पुरे आहे. अंतराळातून येणारा दगड सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगाने येतो. त्यातल्या एका किलोची गतिज ऊर्जा काढा : अर्धा एम व्ही वर्ग. उत्तर येते ६ कोटी ज्यूलच्या वर. एक किलो टीएनटी फुटल्यावर सुमारे ४२ लाख ज्यूल मिळतात. म्हणजे आदळणारा प्रत्येक किलो दगड पंधरा किलो टीएनटीच्या बरोबरीचा झाला. (हवेमुळे थोडा वेग कमी होतो, पण एवढ्या मोठ्या दगडाला ती फारशी अडवत नाही.) ही ऊर्जा जमिनीत क्षणात मोकळी होते, म्हणून खड्डा खणला जात नाही, स्फोट होतो. आणि स्फोट चारी दिशांना सारखाच ढकलतो.

वयाची गोष्टही गमतीची आहे. एका पद्धतीने वय आले सुमारे ५२ हजार वर्षे. नंतर २०१० च्या सुमारास आर्गॉन पद्धतीने मोजले तर आले सुमारे ५ लाख ७० हजार. चक्क अकरापट! लॅबमध्ये दोन रीडिंग जुळले नाहीत की आपण तिसरे रीडिंग जर्नलमध्ये 'बसवतो'. इथे शास्त्रज्ञांनी दोन्ही आकडे पद्धतीसकट छापले आणि कोणत्या नमुन्यातून कोणते उत्तर आले ते उघड मांडले. हेही शिकण्यासारखे आहे.

फेरीच्या उत्तर भागात आलात की कडेपासून सुमारे ७०० मीटर बाहेर अंबर तळे आहे. त्याला छोटे लोणार असेही म्हणतात. मोठ्या उल्केचा तुकडा पडून ते झाले असे काहीजण मानतात, पण त्यावर एकमत नाही. तिथला निजलेला मोठा मारुती प्रसिद्ध आहे. त्याचा दगड उल्केचा आहे आणि त्यापुढे होकायंत्र फिरते, असे सांगतात. श्रद्धेने नमस्कार जरूर करा. मात्र साध्या बेसॉल्टमध्येही मॅग्नेटाईट हे चुंबकीय खनिज असते, त्यामुळे सुई हलली एवढ्यावरून दगड आकाशातून आला हे सिद्ध होत नाही.

वर गोड, खाली खारे

फेरी पूर्ण करून धारेपाशी आलात की मुख्य प्रश्न समोर येतो. धारेचे पाणी गोड, वर्षभर वाहणारे. तेच पाणी खाली सरोवरात जाते आणि सरोवर मात्र खारट आणि अल्कधर्मी. त्याचा पीएच १० च्या आसपास मोजला गेला आहे, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखा. असे का?

उत्तर एका ओळीत : पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. पाऊस, झरे आणि जमिनीतले पाझर ही सगळी आवक. जावक एकच, बाष्पीभवन. वाफ होताना पाणी जाते, क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हेच चालू आहे. पाणी आटले की काठावर क्षार जमायचे आणि पूर्वी ते गोळा करून विकले जायचे. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्यांच्या प्रकारांची नावेसुद्धा होती.

केमिकलवाल्यांसाठी हा 'मास बॅलन्स'चा जिवंत नमुना आहे. विवराच्या तोंडाचे क्षेत्रफळ सरोवराच्या सुमारे २.३ पट आहे. समजा विवरात १ सेंटिमीटर पाऊस पडला आणि सगळाच सरोवरात उतरला, तर पातळी २.३ सेंटिमीटर वाढेल. प्रत्यक्षात काही मुरते, काही झाडे पितात. पण मुद्दा ध्यानात घ्या. नदीत टाकलेली घाण निदान पुढे वाहून जाते. इथे जे आत गेले ते आतच राहते. क्षार असो, सांडपाणी असो, की तुमच्या चिप्सचे पाकीट.

या पाण्यात मासे-बेडकांऐवजी राज्य असते ते सूक्ष्मजीवांचे. एरवी सरोवर हिरवे दिसते ते स्पिरुलिनासारख्या शेवाळी जीवांमुळे. जून २०२० मध्ये पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि लोणार जगभरच्या बातम्यांत आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा मीठ आवडणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटून खारेपणा वाढला की ते फोफावतात आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी होते. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वरनंतरची ही दुसरी जागा.

पुढच्या काही वर्षांत पारडे उलटे फिरले. पाण्याची पातळी चढत गेली आणि २०२५ मध्ये काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिर परिसरात पाणी शिरले. वरकरणी वाटेल, 'चांगलेच की! आपल्याकडे पाण्याची बोंब, इथे पाणी वाढले.' पण हिशेब करा. क्षार तेवढेच आणि पाणी जास्त, म्हणजे खारेपणा कमी. खारेपणा कमी झाला की खारे पाणी लागणारे सूक्ष्मजीव हटणार, गोड्या पाण्यातले जीव घुसणार. जी गोष्ट लोणारला लोणार बनवते तीच पातळ होणार. त्यात गावाच्या सांडपाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत आहे, तो न्यायालयापर्यंतही गेला. आतल्या उतारावर विलायती बाभळीने देशी झाडांची जागा घेतली, तीही काढावी लागते.

उल्केने केलेला खड्डा लाखो वर्षे टिकला. त्यातले पाणी मात्र आपल्या दहा-वीस वर्षांच्या वागण्याने बदलू शकते. काठावरचा रस्ता, बाजूचा बंधारा, गावाची गटार योजना ही सगळी कामे आपल्यासारखे इंजिनिअरच करतात. उद्या अशी एखादी फाईल तुमच्या टेबलावर आली, तर एकदा कडेने चाललेल्या माणसाची सही आणि न चाललेल्या माणसाची सही यांत फरक पडेल, असे मला मनापासून वाटते.

निघण्याआधी

लोणार हे २००० सालापासून वन्यजीव अभयारण्य आहे. क्षेत्रफळ चार चौरस किलोमीटरपेक्षाही कमी, पण नियम सगळे लागू. काही गोष्टी ध्यानात ठेवा :

१. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. उन्हाळ्यात आपल्याकडचे ऊन माहीतच आहे. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते आणि उतार घसरडे होतात.

२. आधी वन विभागाच्या माणसांना विचारा. पाणी वाढल्यामुळे तळ्याकाठची वाट सगळीकडे चालण्याजोगी राहिलेली नाही. ते 'जाऊ नका' म्हणाले तर जायचे नाही, वाद घालायचा नाही.

३. चार-पाच जणांचा गट ठेवा. प्रत्येकी दोन लिटर पाणी. मेसमधून पोळी-भाजी बांधून घ्या, सोबत ठेचा असला तर उत्तम! पण वानरांसमोर डबा उघडू नका, आणि त्यांना खायला तर अजिबात देऊ नका.

४. फुल पँट आणि बंद बूट घाला, नाहीतर कुसळे मोज्यांत शिरून दिवसभर छळतात. झाडाला मोहोळ दिसले तर आवाज न करता लांबून निघा. मोबाईलवर गाणी लावायची असतील तर होस्टेलवरच थांबा. इथे मोर ऐकायला यायचे असते.

५. दगड, क्षार, शिल्पाचा तुकडा, काहीही खिशात घालायचे नाही. 'एकाने काय होते?' असे म्हणणारे वर्षाला हजारो येतात. समृद्धी महामार्ग झाल्यापासून लांबून येणे सोपे झाले आहे, तेव्हा ही संख्या वाढतच जाणार.

६. पाण्यात उतरू नका आणि ते पिऊ तर नकाच. हिवाळ्यात काठावर शेकाटे, चक्रवाक असे पक्षी दिसले तर लांबूनच पाहा.

जायला मेहकरहून एसटी मिळते. गावात उतरल्यावर दैत्यसूदन मंदिर चुकवू नका, आणि धार तिथून पायी जाण्यासारखी आहे.

एक सूचना

शेवटी आपल्या कॉलेजसाठी एक सूचना. दरवर्षी थर्ड इयरच्या एका गटाने डिसेंबरमध्ये ही प्रदक्षिणा करावी आणि परवानगी घेऊन चार साध्या नोंदी कराव्यात. एक, कडेवरच्या एकाच ठरलेल्या जागेवरून सरोवराचा फोटो, म्हणजे पाण्याची रेषा दरवर्षी कुठे आहे ते कळेल. दोन, धारेचे पाणी आणि सरोवराचे पाणी, दोन्हीचा पीएच. पट्टी नसेल तर हळदीत भिजवून वाळवलेला कागदही चालेल. धारेच्या पाण्यात तो पिवळाच राहील आणि अल्कधर्मी पाण्यात लालसर होईल. तीन, धारेचा प्रवाह. दहा लिटरची बादली आणि स्टॉपवॉच, बस्स. चार, दिसलेल्या पक्ष्यांची यादी.

ही वही लायब्ररीत राहावी. आपण चार वर्षांत पास होऊन पुणे-बेंगळुरूला निघून जाऊ, पण वही इथेच राहील. दहा बॅचेसच्या दहा नोंदी ओळीने मांडल्या, तर लोणारच्या पाण्याचे काय चालले आहे हे सांगायला आपल्याच कॉलेजकडे आपला स्वतःचा ग्राफ असेल. खर्च किती? एसटीचे भाडे आणि एक बादली.

सबमिशन संपले की पहिल्या रविवारी निघायचे का? बोला!